सोमवारीच दुखणारं पोट

"ओ बाई, चष्मा घेऊन या जरा. शाळेतनं कागद आलाय. सही मागत्यात."

वहिनींना वाचता येतं, चांगल्या सातवी झाल्यात. पण सहीचा कागद म्हटला की त्या कुंपणाशी येतात. सोसायटीच्या कर्जाला एकदा जामीन राहिलेल्या घरात सहीचा धसका पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, पण आमच्या केडगावच्या आळीची कारकुनी अजून माझ्याकडेच आहे. रेशनचा फॉर्म असो की बँकेची केवायसी, तारेवरून कागद येतो आणि पाठोपाठ मेथीची जुडी.

कागद धाकट्या नातवाचा होता. चौथीत आहे तो. मुलांचं मानसिक आरोग्य कसं आहे, शाळेत-घरात त्यांचं कसं चाललंय, याची पाहणी करायची आहे. मुलाला काही प्रश्न विचारले जातील, एक कागद पालकांनी भरायचा, एक वर्गशिक्षकांनी, आणि त्याआधी पालकांची संमती हवी, असा मजकूर.

"मानसिक?" वहिनींनी तेवढाच शब्द उचलला. "म्हंजी येरवडा?"

पुणे जिल्ह्यात 'मानसिक' म्हटलं की एसटी थेट येरवड्यालाच जाऊन थांबते. मधे यवत-उरुळीचा थांबासुद्धा घेत नाही.

"येरवडा नाही हो. पोराला झोप लागते का, शाळेत कुणी दोस्त आहे का, कुणी चिडवतं-मारतं का, कशाची भीती वाटते का, असलं विचारणार."

"ते मी रोज इचारते की."

"मग काय सांगतो?"

"काय सांगतोय! 'बरंय' म्हणतोय."

हे 'बरंय' मी नोकरीभर ऐकलं. दुधाचे दात पडायला लागल्यापासून मिसरूड फुटायच्या आधीपर्यंत, म्हणजे साधारण सहा ते बारा, या वयाच्या पोरांकडे कुणाचं फारसं लक्षच नसतं. अंगणवाडीतल्या पोराचं वजन होतं, लशीची तारीख आशाताईंच्या वहीत असते. दहावी-बारावीच्या पोरासाठी घरातला टीव्ही बंद होतो. मधली फळी मात्र आपापली जेवते, आपापली शाळेत जाते, शेरडं सोडते, धाकट्याला कडेवर घेते. तक्रार नाही म्हणजे त्रास नाही, असं आपण धरून चालतो.

सरकारी मोठ्या पाहण्यांतही हीच फळी सुटलेली. २०१५-१६ साली बंगळुरूच्या निम्हान्सनं राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली ती १२ राज्यांत. आपला महाराष्ट्र त्यात नव्हताच, आणि मुलं घेतली ती १३ ते १७ वयाची. मग एनसीईआरटीनं २०२२ च्या जानेवारी ते मार्चमध्ये देशभरच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांना विचारलं. तीही सहावी ते बारावीची. पहिली ते पाचवीला विचारायला कोण आलं होतं? वाचता येतं का हे बघायला प्रथमचे 'असर'वाले २००५ पासून खेडोपाडी घरांत शिरतायत, उंबऱ्यात बसून पोरांकडून परिच्छेद वाचून घेतायत. पोराचं मन वाचायला मात्र कुणी उंबऱ्यात बसलेलं मी तरी बघितलं नाही.

वहिनींना यातलं अर्धं सांगितलं. त्यांनी तेवढ्यात निवडायला घेतलेले हरभऱ्याचे घाटे संपवले. मग हळूच म्हणाल्या, "एक हाय बाई. दिवाळीपास्नं त्येच्या पोटात दुखतंय."

"दवाखान्यात नेलं?"

"समदं केलं. आधी हिंग लावला बेंबीला. ओवा दिला. मग दृष्ट काढली. मीठ, मोहऱ्या, मिरच्या, समदं टाकलं चुलीत, आन् मिरच्यांचा ठसका आला न्हाई, म्हंजी दृष्ट किती जबर बघा. यवतच्या डाक्टरनं जंताची गोळी दिली. मग दौंडला सोनोग्राफी. दीड हजार गेलं. काय न्हाई निघालं."

"आणि दुखतं कधी?"

"सोमवारी."

"फक्त सोमवारी?"

"कधी कधी रैवारी रातच्याला सुरू होतंय. पन सोमवारी साळंला सुट्टी असली की न्हाई दुखत." हे बोलता बोलता त्यांचा हात घाट्यांवर थांबला. दीड हजाराच्या सोनोग्राफीनं जे दिसलं नाही ते त्यांना तिथं, तारेपाशी दिसलं असावं. पण लगेच सारवलं, "नाटकी हाय मेलं."

नाटक नसतं ते. या वयाच्या पोराला मनात काय चाललंय ते बोलून दाखवता येत नाही, मग पोट बोलतं, डोकं बोलतं. पोटात खरंच दुखत असतं. जंताच्या गोळीनं जायचं नसतं इतकंच. म्हणून तर अशा प्रश्नावल्यांत डोकेदुखी-पोटदुखीचा प्रश्न असतोच. लंडनच्या डॉ. रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ साली २५ मुद्द्यांची एक छोटी प्रश्नावली केली, ती आज जगभर चालते. भीती-काळजी, वागणूक, चुळबुळ, सवंगड्यांशी जमणं आणि दुसऱ्याला मदत करणं असे तिचे पाच भाग. प्रत्येक मुद्द्यापुढे तीनच खुणा, खरं नाही, थोडंफार खरं, अगदी खरं. लहान मुलांची ती आईबापांनी आणि शिक्षकांनी भरायची. मुलानं स्वतः भरायची ती साधारण अकरा वर्षांनंतर.

"म्हंजी त्येचं मी भरायचं?" वहिनी एकदम ताठ झाल्या. "आन् गुर्जी बी भरणार?"

"हो. दोघांनी."

"गुर्जी काय भरत्याल! गुर्जी म्हनत्यात तुमचा नातू लई शांत, वर्गात बसलाय का न्हाई ते बी कळत न्हाई. हितं घरात तर भिताडं पाडायची बाकी ठेवलीत त्यानं. परवा बैलाच्या शिंगाला माझी परकराची नाडी बांधली."

आता यात खोटं कोण? कुणीच नाही. १९८७ साली अमेरिकेत आकेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे ११९ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा दिसलं की आई आणि बाप यांचं मुलाबद्दलचं म्हणणं बऱ्यापैकी जुळतं, पण आईबाप आणि शिक्षक यांचं फारच थोडं, आणि मुलाच्या स्वतःच्या म्हणण्याशी तर या दोघांचंही त्याहून कमी. पोरगं घरी एक असतं, वर्गात दुसरं. वहिनींना आकेनबाखची गरज नव्हती, नाडी पुरेशी होती. पण त्यातून निघणारी गोष्ट त्यांना नवी होती. मोठ्यांचे दोन कागद घेऊन काम भागत नाही, पोराला स्वतःला विचारावं लागतं.

आणि तिथेच खरी मेख आहे.

लहान पोराला विचारायचं कसं? मी वर्गात विचारून बघितलंय. हसऱ्या-रडक्या तोंडांची चित्रं काढून दिली की पहिली-दुसरीची पोरं एक तर सगळ्यात हसरं तोंड धरतात नाही तर सगळ्यात रडकं. मधल्या तोंडांकडे बघतसुद्धा नाहीत. एकानं तर सगळीच तोंडं रंगवली होती. म्हटलं, अरे, एकच रंगवायचं होतं. तर म्हणाला, बाई, लाल खडू चांगला चालत होता. "गेल्या महिनाभरात किती वेळा" असा प्रश्न सात वर्षांच्या मुलाला टाकण्यात अर्थ नाही. त्याला महिना कळत नाही. गुऱ्हाळ पेटल्यापासून, असं म्हटलं तर कळेल. वाक्यात 'नाही' आलं की गोंधळ ठरलेला. "मला शाळेत एकटं वाटत नाही, हे खरं नाही", यावर मोठा माणूससुद्धा दोनदा थांबेल.

सगळ्यात वाईट म्हणजे, समोर कोण उभं आहे त्यावर उत्तर ठरतं. वर्गशिक्षकांनीच कागद वाटले आणि वर "नीट भरा रे" म्हटलं, की पोराच्या लेखी ती परीक्षा. मग 'मला शाळा आवडते' याला चाळीसपैकी चाळीस हसरी तोंडं. घरी विचारलं तर आई बाजूला असते आणि पोराच्या आधी उत्तर देते. 'घरात भांडणं होतात का' या प्रश्नाला मी आजवर 'हो' ऐकलेलं नाही, आणि आमच्या आळीत रात्री काय ऐकू येतं ते वहिनींनाही माहीत आहे आणि मलाही. 'चिल्ड्रन्स वर्ल्ड्स' नावाची एक आंतरराष्ट्रीय पाहणी आहे, ती मुद्दाम ८, १० आणि १२ वर्षांच्या मुलांनाच विचारते, त्यांच्या आयुष्याबद्दल त्यांचंच म्हणणं. आठ वर्षांचं पोरगं नीट सांगू शकतं, असं त्यांनी धरलंय. माझाही अनुभव तोच. फक्त खोलीत बाई नको आणि आई नको.

एवढ्यात सूनबाई कपडे वाळत घालायला आल्या. आल्या म्हणजे, बालदी मघाशीच दाराआड येऊन थांबली होती.

"आत्या, तो सोमवारचा पेपर असतो ना क्लासला," त्या दोरीकडे बघत म्हणाल्या.

"कसला पेपर?"

"क्लासचे सर दर सोमवारी सराव पेपर घेतात. मग मार्क मोठ्यानं वाचून दाखवतात. पहिल्यापासून शेवटपर्यंत. हा शेवटच्या तिघांत असतो."

"मला का न्हाई सांगितलं त्यानं?"

"मलाही नाही सांगितलं. झोपेत बोलला."

आता यातली गंमत (गंमत कसली!) आमच्या भागातल्या माणसाला वेगळी सांगायला नको. शिक्रापूरजवळ नवोदय विद्यालय आहे. सहावीच्या वर्गात फार तर ८० मुलं घेतात. बहुतेक जागा ग्रामीण मुलांच्या. राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट. परीक्षा पाचवीत असते. त्यामुळे शिरूर-दौंडकडचा बापय माणूस पोरगं चौथीत गेलं की नवोदयची भाषा बोलायला लागतो. त्यात शिष्यवृत्ती. ती पूर्वी चौथी-सातवीला होती, मग पाचवी-आठवीला गेली, आता सरकारनं पुन्हा चौथी-सातवीला आणली. म्हणजे नऊ वर्षांच्या पोराच्या पाठीवर एकाच वेळी दोन परीक्षा. गावात गुणवत्ता यादीत आलेल्या पोरांचे फ्लेक्स लागतात. यादीत न आलेल्यांचे लागत नाहीत, पण ते कोण हे सगळ्या गावाला माहीत असतं.

मी नवोदयच्या विरुद्ध नाही. माझ्या वर्गातली पोरं तिथं गेली आणि त्यांचं सोनं झालं. पण संबंध जिल्ह्यातून ८० पोरांना मिळणाऱ्या गोष्टीसाठी बाकीच्या हजारोंचा सोमवार का नासवायचा, याचं उत्तर मला कुणा क्लासवाल्यानं दिलेलं नाही.

एनसीईआरटीच्या त्या पाहणीत ८१ टक्के मुलांनी काळजीचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल याकडेच बोट दाखवलं. २८ टक्के म्हणाली, वर्गात प्रश्न विचारायला संकोच वाटतो. आणि तरीही ७३ टक्के शाळेच्या आयुष्यावर खूश होती. स्वतःच्या आयुष्यावर खूश असणारी फक्त ५१ टक्के. हे आकडे सूनबाईंनी दोनदा विचारले. "म्हणजे शाळा आवडते, पण स्वतः नाही आवडत?" त्या म्हणाल्या. मी असा अर्थ लावला नव्हता. तितका सरळ तो निघतोच असं नाही. पण बाई बोलली ते सोडून द्यावंसं वाटत नाही.

"त्या पाहणीत नाव लिहायची सक्ती नव्हती," मी सांगितलं. "हवं तर लिहा, नको तर नको."

"ह्या कागदावर हाय का तसं?"

बघितलं. नावाची ओळ होती. नाव कशाला हवं, कुणाकडे राहील, शाळेला कळेल की नाही, यातलं एक अक्षर नव्हतं.

"बघा!" वहिनींनी मांडी ठोकली. "उद्या पोराच्या दाखल्यावर लिवत्याल, डोक्यानं कमी. मग लगीन कसं जमायचं त्येचं?"

नऊ वर्षांच्या पोराचं लग्न काढल्यावर सूनबाईंना हसू आवरेना. पण वहिनींचं भय फुकाचं नाही. शिक्का बसायला कागद लागत नाही, आळी पुरते. कोपऱ्यावरच्या घरातलं एक पोरगं तिसरीत असून रात्री अंथरूण ओलं करतं. हे आम्हाला कुणी सांगितलं? कुणीच नाही. रोज सकाळी तीच एक वाकळ कठड्यावर वाळत असते. एका तारेवरून ही बातमी दुसऱ्या तारेवर गेली, कुणी म्हणालं मूत्रपिंडाचं असेल, कुणी म्हणालं बापाला भितंय, कुणी देवऋषी सुचवला. आठवड्यात निदान, कारण आणि उपाय तिन्ही तयार. पोरगं मात्र आता संध्याकाळी खेळायला येत नाही. आमच्या कुंपणाला जे कळतं ते कुठल्याही प्रश्नावलीला कळायचं नाही, हे खरं. पण प्रश्नावली निदान तोंड मिटून बसते. कुंपणाला तेवढं साधत नाही.

"त्याच्या आईनं आपल्याला कुठं विचारलं होतं?" सूनबाई म्हणाल्या. वहिनी काही बोलल्या नाहीत. कोथिंबीर बघायला वाकल्या.

आशाताई गाडीवरून चालल्या होत्या, त्यांना हाक मारून थांबवलं. त्यांचं म्हणणं, शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतंच की. ते खरंच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला तो आपल्या महाराष्ट्रातच, पालघरला. पथकात दोन डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. त्यांच्या यादीत ३० आजार-व्यंगं आहेत आणि त्यात शिकण्यातली अडचण, अतिचंचलता, स्वमग्नता हेही येतं.

"मग ती पथकवाली समदं बघत्यात का?" वहिनींनी विचारलं.

आशाताई प्रामाणिक बाई. "मावशी, एका दिवसात आख्खी शाळा. दात, डोळे, कान, वजन, उंची. ॲनिमिया. मन बघायला पोराशी बसावं लागतं. बसायला वेळ कुठाय?"

वहिनींना यावरून आपलं माहेर आठवलं. माहेर वढूकडचं. तिकडे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलनं डॉ. बानू कोयाजींच्या काळापासून खेड्यातलं आरोग्याचं काम उभं केलंय. कोयाजीबाईंना १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वढू बुद्रुकच्या केंद्रातून २००२ पासून २२ गावांत घरोघर जाऊन जन्म, मृत्यू, कोण आलं, कोण गेलं, याची नोंद होते. "माझी भावजय तर वैतागायची," वहिनी म्हणाल्या. "म्हनायची, मेलं न्हाई कोन, जल्मलं न्हाई कोन, तरी परत आलं इचारायला! पन एक सांगते, ती मान्सं परत येत्यात. तीच मान्सं. इचारून पसार न्हाई होत."

मला वाटतं, पाहणीबद्दल त्या दिवसभरात बोललं गेलेलं सगळ्यात शहाणं वाक्य हेच.

केईएमच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत बायकांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. त्या बायकांची जन्मलेली पोरं मोठी होत गेली आणि अभ्यास त्यांच्या मागोमाग चालत राहिला. पोरं नऊ वर्षांची झाल्यावर काहींची लक्ष आणि स्मरणशक्ती तपासली. आकडे उलट्या क्रमानं म्हण, ठिपके ओळीनं जोड, असले खेळ. गरोदरपणी ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी होतं त्यांची मुलं यातल्या काही चाचण्यांत मागे पडली. २००८ साली ते छापून आलं. म्हणजे वर्गात ज्याला आपण 'लक्ष देत नाही, मठ्ठ आहे' म्हणून कोपऱ्यात उभं करतो, त्याची गोष्ट कदाचित त्याच्या जन्माआधीच, आईच्या ताटात सुरू झालेली असते. हे कळायला नऊ वर्षं त्याच घरांत परत परत जावं लागलं. एका दुपारी कागद वाटून कळलं नसतं.

"आन् आमच्या नातीचं काय?" वहिनींनी आता विषय शिरूरकडे नेला. त्यांची लेक दिली आहे पिंपरखेडच्या अंगाला. "तिला इचारलं, भीती वाटती का, तर ती हो म्हननार. रोज वाटती. रातच्याला दाराला कडी लावली का तीनदा बघती. मग तिला येडी ठरवनार का?"

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेडला बिबट्यानं माणसं मारली, त्यात लहान मुलं होती. लोक महामार्गावर उतरले. त्या गावात उसाच्या कडेनं शाळेत जाणारी आठ वर्षांची पोर घाबरत नसेल तर उलट तिचीच काळजी करावी लागेल. ती कडी तीनदा बघते, कारण वस्तीवरचे सगळेच बघतात. पुण्यात बसून कुणी तिच्या कागदावर 'भीतीचं प्रमाण जास्त' असा आकडा मांडला आणि तिला समुपदेशन सुचवलं, तर त्याला आधी पिंजरा, दिवे आणि शाळेपर्यंतची गाडी सुचवायला सांगितलं पाहिजे. प्रश्नावलीला ऊस दिसत नाही. म्हणून नुसती भीती वाटते का विचारून भागत नाही. त्यापायी पोरीची झोप, जेवण, शाळा, खेळ यातलं काय मोडलं, हेही विचारावं लागतं. चांगल्या प्रश्नावल्यांत हा भाग वेगळा असतो. आणि बिबट्याचा बंदोबस्त झाल्यावरही ती कडी तीनदाच बघत राहिली, तर मग मात्र कुणीतरी तिच्याशी बसायला हवं.

तोडीच्या टोळ्यांतली पोरं आणखी निराळी. बीड-नगरकडून येतात, कारखान्याच्या तोडीबरोबर फिरतात, कोपीत राहतात. त्यांची नावं एका शाळेच्या पटावर, अंग दुसऱ्या गावच्या फडात. पाहणी शाळेत होते. पाहणीच्या दिवशी ही पोरं वाढं गोळा करत असतात. कुरकुंभ आणि रांजणगावच्या एमआयडीसीत बाहेरच्या राज्यांतून आलेल्यांची पोरं वर्गात असतात, पण कागद मराठीत. ज्यांना विचारायला हवं ती आधीच चाळणीतून खाली पडतात. मग उरलेल्यांची सरासरी काढून छान बातमी होते.

याच केडगावात पंडिता रमाबाईंनी १८९७ च्या दुष्काळात शेकडो अनाथ मुली आणून ठेवल्या होत्या. स्वतः रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले होते, त्यामुळे त्या पोरींना काय झालं असेल ते त्यांना कुणी कागदावर भरून द्यावं लागलं नसेल. मी हे बोलले, तर वहिनी म्हणाल्या, "मुक्तीवाली बाई? तिचं निराळं. तिनं इचारल्यावर जेवायला बी घातलं."

म्हणजे माहेरच्या भावजयीपासून रमाबाईंच्या मुक्ती मिशनपर्यंत वहिनींचा हिशेब एकच. विचारलंत, तर पुढे काय?

आशाताईंनी मोबाइल काढून एक नंबर दाखवला. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, दिवसरात्र, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. सूनबाईंनी तो लगेच स्वतःच्या फोनमध्ये घातला. पोरासाठी की स्वतःसाठी, ते आम्ही विचारलं नाही.

सर्वोच्च न्यायालयानं २०२५ च्या जुलैत सांगितलंय की ज्या संस्थेत १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी आहेत तिथं प्रशिक्षित समुपदेशक हवाच. त्याहून लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी सांधा ठेवायचा. आमच्याकडच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळा म्हणजे दोन शिक्षक आणि दोन आकडी पट. सांधा ठेवायचा कुणी? तेच दोन शिक्षक, ज्यांच्याकडे आधीच पोषण आहाराचा तांदूळ मोजायचं आणि ऑनलाइन माहिती भरायचं काम आहे. तरी मला वाटतं, मोठा तज्ज्ञ येईपर्यंत थांबायचं कारण नाही. मार्क मोठ्यानं वाचायचे बंद करायला तज्ज्ञ लागत नाही.

"सूनबाई, त्या क्लासवाल्याला तू सांगशील का मी येऊ?" वहिनींनी पदर खोचला. वहिनी गेल्या तर क्लास बंदच व्हायचा, म्हणून सूनबाई म्हणाल्या, "मीच सांगते. नाही ऐकलं तर काढते त्याला."

"आन् नवोदय?"

"अजून पाचवी यायचीय, आत्या."

यावर वहिनींचं तोंड जरा उतरलं. नवोदयचा फ्लेक्स त्यांनीही मनात कुठंतरी लावला होताच.

मग सहीचं. मी त्यांना म्हटलं, सही करायची की नाही ते तुम्ही ठरवा, पण शनिवारी पालकसभा आहे, तिथं आधी विचारा. वहिनींनी कागद उलटा केला, माझ्या हातात पेन दिलं आणि सांगायला सुरुवात केली.

"लिवा. एक, नाव कशापायी पायजे, आन् ते कुनाला दावनार. दोन, पोराला इचारताना गुर्जी भाईर बसनार का. आन् मी बी भाईर बसन, चालतंय. तीन, कुनाचं काय निघालं तर फुडं कोन येनार, आन् परत कवा येनार. तारीख सांगा म्हनावं."

"चार?"

"चार, कोपऱ्यावरच्या पोराच्या आईला बी कागद मिळालाय का." त्या थांबल्या. "हे नका लिवू. हे मी तिलाच इचारते. वाळत घातल्यालं बोलत न्हाई, नुसता कागद इचारते."

"पाच?"

"पाच काय न्हाई. तेवढी मेथी घिऊन जावा."

नातू शाळेतून आला तेव्हा आम्ही तिघी तिथंच होतो. दप्तर ओसरीवर फेकून आजीला म्हणाला, "बाईंच्या हातात माझा कागद कसाय? सरांनी सांगितलंय कुणाला दाखवायचा नाही."

"मग आजीला दावायचा हुता का?"

त्यानं विचार केला. "आजीला सही करायची असते ना. पण मला सर विचारणारेत का दुसरं कुणी?"

"तुला कोण चालेल?" मी विचारलं.

"दुसरं कुणी," तो म्हणाला, आणि बैलाकडे गेला.